संगणकाची आटणी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत एक पुष्प आम्हीही गुंफावे, असे कार्यवाहांनी सुचविले, तेव्हा आम्ही मनाशी दोन-तीन भारदस्त विषय योजून ठेविले होते. अवधातील मराठी माणूस हा एक, आणि भातखंडे व लखनौ हा दुसरा. परंतु कार्यवाह म्हणाले, "साहेब, ते पुढे कधीतरी. मंडळाचा संगणक आपण नव्याने उभा केलात, त्याविषयीच बोला. घरोघरी तीच रड आहे." आम्ही कलाशाखेचे साधे पदवीधर. सारा जन्म केंद्र सरकारच्या नस्त्या हाताळण्यात गेला. तथापि ज्याचे हात पोळले, त्याने विस्तवाविषयी चार शब्द बोलावयास हरकत नाही, एवढ्याच अधिकाराने उभे आहोत.

आपल्या कार्यालयातील तो संगणक २०१७ साली घेतलेला. अलीकडे त्याची अशी अवस्था झाली होती की, कळ दाबून माणसाने खाली चहाच्या टपरीवर जावे, चहा घ्यावा, टपरीवाल्याशी उन्हाळ्याविषयी दोन शब्द बोलावेत आणि वर यावे, तो पडद्यावर अजून ठिपक्यांची फुगडीच चाललेली. स्मरणिकेचे काम तोंडावर आलेले. कोणी म्हणाले, नवा घ्या. कोषाध्यक्षांनी त्या सूचनेकडे ज्या नजरेने पाहिले, ती आपणांस परिचित आहे. तेव्हा एक तरुण सभासद सहज म्हणाला, "काका, फॉरमॅट मारून टाका, पाखरासारखा उडेल."

फॉरमॅट मारणे! हा शब्द ऐकला की आमच्या पोटात अजूनही गोळा येतो. त्याचे कारण पुढे सांगू.

प्रथम, संगणक मंदावतो म्हणजे काय होते? ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे जिला आपण कार्यप्रणाली म्हणू, ती संगणकाचा आस्थापना विभाग होय. कोणी कोठे बसावे, कोणाला किती जागा, छपाईयंत्राशी बोलणार कोण, हे सर्व ती ठरविते. आता आमच्यासारख्या सरकारी माणसास पुढचे समजावयास अवघड नाही. एखादी योजना येते, तिच्यासाठी कक्ष उघडतो, दोन लिपिक आणि एक शिपाई बसतो. योजना संपते, पण कक्ष उठत नाही. संगणकात आपण जो जो कार्यक्रम घालतो, तो तो आपला एक शिपाई दाराशी बसवून ठेवितो. यंत्र सुरू होताच हे सारे शिपाई एकदम उठून उभे राहतात. कार्यक्रम काढून टाकला तरी त्याची काही कागदपत्रे आणि काही नोंदी मागे उरतात. त्यात मूळ तबकडी काठोकाठ भरलेली आणि कोणाच्या पेनड्राइव्हमधून आलेले एखादे विषाणूचे बिऱ्हाड. आठ-दहा वर्षांत विभाग तुंबतो, यात नवल ते काय?

कार्यप्रणालीची पुनःस्थापना म्हणजे हा सारा विभाग बरखास्त करून मूळ मंजूर पदांनिशी पुन्हा उभा करणे. विंडोज ९८ च्या दिवसांत ही गोष्ट कित्येक घरी वर्षाकाठी होत असे, दिवाळीच्या साफसफाईसारखी. ती चकती आणि पाठीवरची पंचवीस अक्षरांची किल्ली लोक दागिन्यांच्या डब्यात ठेवीत.

परंतु आपल्या मंडळात हे समजावून सांगावयास आम्हास याहून चांगला दाखला सापडला. आपले कित्येक सभासद विटा, खानापूर, आटपाडीकडून येऊन येथे चौकाच्या सराफ्यात गलाईचा व्यवसाय करितात. जुना दागिना मुशीत जातो, टाकणखार पडतो, तेजाब आपले काम करिते, हीण जाते आणि सोने कसाला उतरते. पुनःस्थापना ही संगणकाची आटणीच होय. मात्र आटणीत काय जाते, हे गलाईवाल्यास विचारावे. सोने राहते. घडणावळ जाते. आजीच्या पाटल्यांवरचे नक्षीकाम मुशीतून परत येत नाही.

आता आमच्या पोटातल्या गोळ्याविषयी.

आमचे मूळ गाव कोयनेच्या शिवसागराखाली गेले. आमचा जन्म त्यानंतरचा. आम्ही ते गाव पाहिलेले नाही. आमचे तीर्थरूप अखेरची काही वर्षे आमच्याकडे लखनौस होते. २००८ च्या हिवाळ्यात, येथील ते पांढरे धुके आणि शेगडी तुम्ही जाणताच, त्यांनी आम्हास गाव सांगावयास सुरुवात केली. आठवणी नव्हेत, गाव! नदीकडच्या पहिल्या घरापासून वरच्या आळीच्या शेवटच्या घरापर्यंत. कोणाचे घर, दार कोणत्या दिशेला, परड्यात काय होते, विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात तळाला जाई. आम्ही कार्यालयातून आल्यावर ते सांगत आणि आम्ही संगणकावर टंकून घेत असू. अडतीस पृष्ठे झाली होती.

२००९ च्या उन्हाळ्यात संगणक रेंगाळू लागला. एका दुकानातून कारागीर आला. मुलगा नम्र होता. त्याने विचारले, "सर, सी में कुछ ज़रूरी तो नहीं है?" आम्ही अधिकारी, आम्हास सर्व ठाऊक! आम्ही म्हणालो, "नहीं, सब डी में है।" आणि छायाचित्रे, पत्रे, मुलांचे अभ्यास, सारे खरोखरच डी या कप्प्यात होते. गाव मात्र पडद्यावर होते. रोज संध्याकाळी समोर दिसावे म्हणून आम्हीच ते तेथे ठेविले होते. पडद्यावर दिसते, ते वस्तुतः सी या कप्प्यात राहते, हे आम्हास ठाऊक नव्हते. दोन तासांनी संगणक पाखरासारखा उडू लागला आणि गाव दुसऱ्यांदा पाण्याखाली गेले.

चूक त्या मुलाची नव्हती. त्याने विचारले होते.

हरवलेले परत मिळविण्याचा प्रयत्न आम्ही केला. काही छायाचित्रांचे तुकडे निघाले. लेख निघाला नाही, कारण त्याच जागेवर नवी प्रणाली लिहिली गेली होती. वडिलांना सांगण्यास आम्ही चार दिवस लाविले. ते एवढेच म्हणाले, "असू दे. पुन्हा सांगू." आणि त्यांनी पुन्हा नदीकडच्या पहिल्या घरापासून सुरुवात केली. परंतु दुसऱ्या वेळचे सांगणे निराळे होते. मधली घरे गळत होती. "येथे कोणीतरी होते," असे ते म्हणत आणि थांबत. वरच्या आळीपर्यंत आम्ही पोहोचलो नाही. त्या दुसऱ्या सांगण्याची चौदा पृष्ठे आमच्यापाशी आहेत. आता ती तीन ठिकाणी आहेत, आणि कागदावरही आहेत.

असो. हा मजकूर मनात असल्यामुळेच मंडळाच्या संगणकास आम्ही एकदम हात घातला नाही.

प्रथम दुखणे कोठले, ते पाहिले. पुनःस्थापनेने कचरा जातो. यंत्राचे म्हातारपण जात नाही. पंख्यात धूळ साचली की यंत्र तापते, आणि तापलेला प्रोसेसर स्वतःला जपण्यासाठी आपण होऊन वेग उतरवितो. जून महिन्यातल्या लखनौत ही गोष्ट कोणास पटवून देण्याची गरज नाही. तबकडीच आजारी असेल तर तिच्यावर नवी प्रणाली चढविणे म्हणजे वाळवी लागलेल्या वाशावर नवी कौले. तिची तपासणी केली. मरणपंथास लागलेली नव्हती, पण जुन्या फिरत्या पद्धतीची होती. हे लक्षात ठेविले.

मग आतील दप्तर पाहिले आणि आमची छाती दडपली. मंडळाची १९९८ पासूनची इतिवृत्ते त्यात होती. आधीच्या स्मरणिका होत्या. आज ज्यांच्या तसबिरी भिंतीवर आहेत, त्यांचे लेख होते. गणेशोत्सवाच्या वर्गणीच्या याद्या, नाटकांचे कलावंत, कोणी कोणत्या साली बदली होऊन आले आणि गेले, हे सारे. बरेचसे पडद्यावरच पसरलेले. आमचा अपराध मंडळाने आमच्याहून मोठ्या प्रमाणावर केला होता.

सर्व दप्तराच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या बाह्य तबकड्यांवर केल्या; एक कार्यवाहांच्या घरी, एक आमच्या घरी. आणि येथे आम्ही पुन्हा फसणार होतो. प्रत झाली म्हणून स्वस्थ न बसता ती घरच्या संगणकावर उघडून पाहिली. नाव बरोबर, पृष्ठसंख्या बरोबर, आणि आत मात्र रोमन अक्षरांची भेळ! 'मंडळाच्या वार्षिक सभेचे इतिवृत्त' याच्या जागी कंस, टिंबे आणि इंग्रजी मुळाक्षरे.

याचा उलगडा असा. जुन्या मराठी फाँटांत आपल्या अक्षरांस स्वतःची जागा नव्हती. ती इंग्रजी अक्षरांच्या खुर्च्यांवर बसविलेली असत. लेखात साठवली जाते ती खुर्ची. अक्षर दिसते ते फाँटमुळे. फाँट गेला की रिकाम्या खुर्च्या दिसतात. हे फाँट सी कप्प्यातच, विंडोजच्या पोटात राहतात. म्हणजे तो तरुण सभासद म्हणाला तसा फॉरमॅट मारला असता, तर लेख सुरक्षित राहून वाचता आले नसते. युनिकोडमध्ये आता प्रत्येक अक्षरास स्वतःचा कायम क्रमांक आहे. अ चा ०९०५, आपल्या ळ चा ०९३३. तो जगात कोठेही तोच. कार्यालयीन कामात युनिकोडचा आग्रह धरणारी परिपत्रके आम्ही वर्षानुवर्षे सहीनिशी पुढे पाठविली होती. त्यांचा अर्थ आम्हास त्या रात्री कळला.

याच शहरात १९२६ साली भातखंड्यांनी मॅरिस संगीत महाविद्यालय उभे केले. उस्तादांच्या गळ्यात बंदिस्त असलेल्या चिजा त्यांनी स्वरलिपीत उतरविल्या आणि क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत छापल्या. स्वरलिपीची खूण कोणती आणि तिचा अर्थ कोणता, हे त्यांनी पुस्तकातच देऊन ठेविले. कुलूप आणि किल्ली एकाच डब्यात! (पाहा, आमचा दुसरा विषय आलाच.)

तर सर्व फाँट उचलून ठेविले. कोणकोणते कार्यक्रम लागतात, छपाईयंत्र कोणते, कोठला परवलीचा शब्द, यांची यादी कागदावर केली. कागदावरच, कारण संगणकातली यादी संगणकाबरोबरच जाते. नवी प्रणाली घालण्यासाठी आठ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह पुरतो. यूपीएस तपासला, कारण ऐन मध्यावर वीज गेली म्हणजे ना जुने राहते ना नवे.

प्रणाली कोणती घालावी, यावर थोडी चर्चा झाली. हा प्रोसेसर जुन्या पिढीचा, विंडोज ११ त्याला आपला मानीत नाही. विंडोज १० ची सर्वसाधारण डागडुजी मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत नोंदणी केल्यास मिळते. सी-डॅकची बॉस ही लिनक्सवर आधारलेली स्वदेशी प्रणाली आम्हास मनापासून घ्यावयाची होती. परंतु स्मरणिकेच्या जुळणीचा कार्यक्रम केवळ विंडोजवर चालणारा. म्हणून तूर्त विंडोज १०, नोंदणीसह. स्मरणिका छापून झाली की बॉसचा विचार व्हावा, असा ठराव आम्ही येथेच सुचवून ठेवितो.

प्रत्यक्ष काम एका दुपारचे. सुरुवातीस तो प्रश्न विचारतो, फायली ठेवू की सर्व पुसू? पूर्वी आम्ही ज्या धडाडीने उत्तर दिले असते, ती आता उरली नाही. बोट कळीवर ठेवून आम्ही पाच मिनिटे बसलो होतो, हे कार्यवाहांनी पाहिले आहे. मग 'सर्व पुसा' म्हणालो.

परिणाम? संगणक सुमारे दीड मिनिटात उठू लागला. त्यानंतर कोषाध्यक्षांकडून एका न फिरणाऱ्या एसएसडीची मंजुरी मिळविली, नाझा मार्केटातून ती आणविली आणि प्रणाली तिच्यावर बसविली. आता वीस-पंचवीस सेकंद लागतात. खरे सांगावयाचे तर मंदपणाचा मोठा वाटा त्या जुन्या तबकडीचा होता. आधी ती बदलली असती तर एक आटणी वाचली असती. हे आम्हास आधी सुचले नाही.

जुने लेख आता युनिकोडमध्ये उतरविण्याचे काम चालू आहे. रूपांतराची साधने आहेत, पण ती 'दुसऱ्या' मधल्या र ला अडखळतात आणि जोडाक्षरे मोडतात. म्हणून प्रत्येक पान डोळ्यांखालून घालावे लागते. महिला शाखेच्या चार भगिनी मूळ छापील प्रतींवरून ते ताडून पाहत आहेत. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह एन दाबले की ळ येतो आणि शिफ्टसह जे दाबले की ऱ. एवढे ठाऊक असले तरी हाताशी येऊन बसावे.

एक अडचण मात्र सुटलेली नाही. तीन लेख असे आहेत की, त्यांचा फाँट त्या संगणकातही नव्हता. बहुधा कोणी आपल्या घरी टंकून फ्लॉपीवर आणून दिले असावेत. लेखकाचे नाव आत आहे, आणि आत वाचता येत नाही. तारखा २००१ आणि २००२ च्या आहेत. त्यांतील एक लेख अकरा पानांचा आहे. त्या काळात ज्यांनी मंडळासाठी घरी लेखन केले असेल, किंवा ज्यांच्या घरी तेव्हाचा संगणक माळ्यावर अद्याप पडून असेल, त्यांनी सभा संपल्यावर आम्हास भेटावे. आम्ही येथे दाराशी, चहाच्या मेजापाशीच असू.