लोकरीचे फूल आणि त्याचे मोल

(मंडळाच्या महिला शाखेच्या वार्षिक संमेलनप्रसंगी केलेले भाषण)



विद्यार्थ्यांचा गुणगौरव, वधूवर-परिचय आणि ज्येष्ठांचा सत्कार अशा भारदस्त कार्यक्रमांच्या मालिकेत लोकरीच्या फुलांवर भाषण ठेवण्याचे धाडस महिला शाखेने केले, याबद्दल प्रथम तिचे आभार मानते. विषय लहान वाटेल. परंतु आपल्या घरांत ज्या कामांना लहान म्हणण्याची सवय जडली आहे, त्यांच्याकडे वर्षातून एकदा तरी नीट पाहावे, एवढाच माझा हेतू आहे.

सुरुवातीलाच एका आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे. दादरच्या फूलबाजारात पहाटे टोपल्याच्या टोपल्या ताजी फुले येत असताना, वास नसलेले लोकरीचे फूल हवे कशाला, असे पुष्कळजण विचारतात. देवपूजेला ताजेच फूल हवे, वेणीला ताजाच मोगरा हवा, याविषयी माझे दुमत नाही. लोकरीचे फूल हे खऱ्या फुलाच्या जागी बसवण्यासाठी नाहीच. ते खऱ्या फुलाकडे पाहावयास लावणारे साधन आहे. जास्वंदीचे फूल आपण जन्मभर गणपतीला वाहत आलो. परंतु त्याच्या देठाशी हिरव्या पेल्याखाली बारीक हिरव्या पट्ट्यांचे आणखी एक कडे असते, हे आपल्यापैकी किती जणींनी पाहिले आहे? जिने ते फूल सुईवर उतरवले, तिने ते नक्कीच पाहिलेले असते.

क्रोशे हा शब्द फ्रेंच आहे. त्याचा अर्थ लहानसा आकडा. दोन सुयांच्या विणकामात ओळीतील सगळी घरे एकाच वेळी सुईवर जिवंत ठेवावी लागतात. एक घर निसटले की खालपर्यंत उसवते. क्रोशात मात्र बहुधा एकच घर जिवंत असते, मागील टाके आपापल्या जागी बंद झालेले असतात. त्यामुळे पुढला टाका कोणत्याही दिशेस घालता येतो. गोल फिरता येते, मागे वळता येते, एका बिंदूतून पाच दिशांना जाता येते. फुलासारखी वस्तू या एका आकड्यावर इतकी सहज उतरते, त्याचे हेच कारण.

आता त्यातील खरी किल्ली सांगते. मुक्या खांबांची गोल चकती करावयाची असेल तर पहिल्या फेरीत 6 टाके, दुसरीत 12, तिसरीत 18, चौथीत 24, असे दर फेरीस 6 वाढवत गेले की चकती सपाट राहते. वाढ त्याहून कमी ठेवली तर कडा आत ओढली जाऊन वाटी होते. वाढ जास्त केली तर कडेला जागा पुरत नाही आणि तिला चुणी पडते, झालर येते. सपाट, वाटी आणि झालर या तीन आकारांत फुलांचा बहुतेक सगळा संसार सामावतो. कळी म्हणजे वाटी, सदाफुली म्हणजे सपाटी, आणि जास्वंदीची कडा म्हणजे झालर.

निसर्गातही असेच घडते. पाकळीचा मध्य मंद वाढतो आणि कडा अधिक वाढते तेव्हा ती कडा लाटांसारखी वळते. ही गोष्ट केवळ बायकांच्या टोपलीतली नव्हे. मूळच्या लाटव्हियातील गणितज्ञ डायना टायमिन्या यांनी 1997 साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात असताना एका अवघड भूमितीतील पृष्ठभाग क्रोशाने विणून दाखवला. त्या पृष्ठभागाचे कागदी नमुने फाटत, हाताळता येत नसत. टायमिन्या यांनी ठराविक प्रमाणात टाके वाढवत नेले आणि विद्यार्थ्यांच्या हातात देता येईल असे झालरीचे रूप तयार झाले. ज्या क्रियेला आपण ‘टाके वाढवणे’ म्हणतो, तिने पंडितांची अडचण दूर केली.

फूल खरे दिसावे असे वाटत असेल तर सुई हाती घेण्यापूर्वी खरे फूल हाती घ्यावे, आणि मोजावे. तगर आणि पांढरा चाफा, दोन्हींना पाच पाकळ्या. परंतु त्या सुट्या सुट्या मांडलेल्या नसतात. प्रत्येकीची एक कड शेजारणीच्या खाली आणि दुसरी कड दुसऱ्या शेजारणीच्या वर असते, म्हणून फूल भिंगरीसारखे एका दिशेस कललेले दिसते. लोकरीच्या पाच पाकळ्या अशा न गुंफता नुसत्या शिवल्या, तर रंग कितीही जुळवा, तो चाफा होत नाही. पारिजातकाची दांडी केशरी आहे, हे सर्वांना ठाऊक. पण त्याच्या पाकळ्या सर्व फुलांत सारख्या नसतात, पाचपासून आठपर्यंत असू शकतात. झेंडूची तर गंमतच आहे. ज्याला आपण त्याची पाकळी म्हणतो, ते स्वतंत्र लहान फूल असते. पाकळ्या खुडताना तिच्या मुळाशी लांबट कोवळे बी दिसते, ते त्याचीच खूण. म्हणून झेंडू विणणारीने पाकळ्या मोजत बसू नये. झालरीच्या पट्टीची दाट गुंडाळी करावी.

नमुन्यादाखल जास्वंद घेऊ. बारा साखळ्या घालाव्यात. त्यांच्या एका बाजूने मुका खांब, अर्धा खांब, खांब, लांब खांब, असे उंच होत जावे, टोकाशी एकाच घरात अनेक खांब घेऊन वळावे, आणि दुसऱ्या बाजूने तसेच उतरत यावे. मग बाहेरच्या कडेला दर घरात दोन टाके घेतले की झालर येते. अशा पाच पाकळ्या, तळाशी गडद आणि वर उजळ. मधला दांडा बारीक तारेवर लाल दोरा गुंडाळून करावा. त्याच्या वरच्या भागावर पिवळ्या दोऱ्याच्या गाठी, आणि अगदी टोकाला पाच लाल गाठी. चार नव्हेत, सहा नव्हेत. खाली पाच दातांचा हिरवा पेला, आणि त्याखाली ते सहा-सात बारीक पट्ट्यांचे कडे. पाकळी लुळी पडत असेल तर तिला पातळ खळ द्यावी आणि वाटीच्या पालथ्या बुडावर वाळवावी.

आता ही कला केवळ शोभेची नाही, हे ज्या देशाने दाखवून दिले त्याची हकिगत सांगते. 1845 साली आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला. पुढील काही वर्षांच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि निदान तितकीच देश सोडून गेली. त्या काळात कॉर्कजवळील अर्सुलाईन मठातील ख्रिस्ती भगिनींनी गरीब मुलींना क्रोशे शिकवले. उत्तरेकडे क्लोनिस या गावी कॅसान्ड्रा हँड या धर्मोपदेशकाच्या पत्नीने 1847 च्या सुमारास तेच काम सुरू केले. साधन काय, तर एक आकडा आणि सुताचा गुंडा! गुलाब, तीन पानांची शॅमरॉक, द्राक्षाचे घोस, नेचे असे नमुने स्वतंत्र विणावयाचे. उठाव यावा म्हणून आत जाड दोरा ठेवावयाचा. मग ते कापडावर उलटे टाचून मधली जागा जाळीने भरावयाची आणि शेवटी कापड काढून घ्यावयाचे. एका घरी गुलाब, दुसऱ्या घरी पाने, आणि तिसरीकडे जोडणी, अशी कामाची वाटणी असे. आजही आपण थरावर थर चढवून जो गुलाब विणतो, पुढच्या पाकळ्यांमागे साखळीच्या कमानी घालून, प्रत्येक फेरीत त्या मोठ्या करत जाऊन, तो गुलाब त्या उपाशी घरांतून जगभर गेलेला आहे. त्या फुलांनी कित्येक चुली पेटत्या ठेवल्या. पुढे यंत्रावर भरतकाम करून खालचे कापड रसायनात विरघळवून टाकण्याची युक्ती निघाली, आणि तशीच दिसणारी स्वस्त जाळी बाजारात आली. पहिल्या महायुद्धानंतर वेषभूषाही बदलली आणि तो धंदा ओसरला.

आपल्या देशातील उदाहरण आंध्र प्रदेशातील नरसापूरचे. गोदावरीकाठच्या या भागात एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी क्रोशाची जाळी विणण्यास शिकवले, आणि हजारो घरांतील स्त्रिया परदेशी बाजारासाठी विणू लागल्या. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी त्यांच्यावर लिहिलेला ग्रंथ 1982 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी दाखवले की, दिवसाचे कित्येक तास विणूनही या स्त्रियांना कामगार म्हणून कोणी ओळखत नव्हते. त्या ‘घरी बसणाऱ्या’, आणि त्यांचे काम म्हणजे ‘फावल्या वेळचा उद्योग’! या एका शब्दप्रयोगामुळे मजुरी कमी ठेवणे सोपे झाले. व्यापार मोठा झाला, हात मात्र गरीबच राहिले. नरसापूरच्या या जाळीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नावाला मान मिळाला. हातांनाही तो मिळावा, अशी आपण इच्छा करू.

भगिनींनो, आता आपल्या घराकडे वळू. आपल्या ज्ञातीत रुखवताची हौस मोठी. क्रोशाचे रुमाल, तोरणे, ताटावरची झाकणे आणि अलीकडे लोकरीच्या फुलांचे गुच्छ रुखवतात मांडले जातात. प्रत्येक कुटुंबात अशी एखादी काकू, मावशी किंवा आत्या असते, की लग्न ठरले म्हणजे तिच्याकडे निरोप जातो, ‘तुमचा हात छान आहे, चार गुच्छ करून द्या.’ लोकर तिची, डोळे तिचे, रात्री तिच्या. कार्य पार पडल्यावर तिच्या हाती एखादा ब्लाऊजपीस ठेवला जातो आणि म्हटले जाते, ‘फूल ना फुलाची पाकळी.’ ज्या बाईने पस्तीस पाकळ्या विणल्या, तिला आपण एक पाकळी देतो!

मी घड्याळ लावून मोजले आहे. माझा हात मध्यम गतीचा आहे. जास्वंदीच्या एका पाकळीस 15 मिनिटे, म्हणजे पाच पाकळ्यांस 75, दांड्यास 20, पेला आणि खालचे कडे यांस 15, दोन पानांस 20, जोडणीस 20. एकूण 150 मिनिटे, म्हणजे अडीच तास. सात फुलांच्या गुच्छास साडेसतरा तास लागतात. आठ तासांचा दिवस धरला तरी दोन दिवस भरून वर दीड तास उरतो. हा वेळ ‘फावला’ कसा म्हणावा?

कोणी म्हणेल, बाजारात असे गुच्छ स्वस्त मिळतात. मिळतात खरे. परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दोन सुयांच्या विणकामाची यंत्रे शतकानुशतके चालत आली आहेत, पण खरे क्रोशे कारखान्यात यंत्रावर मोठ्या प्रमाणात होत नाही. क्रोशासारखी दिसणारी जाळी यंत्र करते, पण आकड्याने वळवलेले पाच पाकळ्यांचे उठावदार फूल ते असे घाऊक काढत नाही. तेव्हा स्वस्त मिळालेल्या खऱ्या क्रोशाच्या फुलातही कोणाचे तरी तास विणलेले असतातच. फक्त ती बाई आपल्याला दिसत नाही, आणि तिचे तास कोणी मोजलेले नसतात. वस्तू स्वस्त आहे याचा अर्थ श्रम कमी पडले असा नव्हे. श्रमाचे दाम कमी दिले गेले, असाच बहुधा होतो.

माझे म्हणणे प्रेमाच्या देण्याविरुद्ध नाही. भाचीच्या लग्नात आत्याने आनंदाने गुच्छ विणावा, त्याचे पैसे मागू नयेत, हे आपल्या घरांचे भूषणच आहे. परंतु देणे हे देणारीच्या इच्छेचे असते. मागून घेतलेले, आणि नाही म्हणण्याची सोय नसलेले काम म्हणजे देणे नव्हे. शिवाय आपल्या ज्ञातीत अशाही भगिनी आहेत, की ज्यांना पतीच्या पश्चात किंवा मुलांच्या शिक्षणासाठी चार पैशांची निकड आहे, आणि ज्यांच्या बोटांत ही विद्या आहे. त्यांच्या दारी आपणच हौसेपोटी फुकट काम घेऊन गेलो, तर मंडळाच्या साहाय्यनिधीला देणगी देऊन आपण नेमके काय साधले?

म्हणून महिला शाखेपुढे तीन सूचना ठेवते. पहिली, पुढील वर्षीच्या हस्तकला प्रदर्शनात प्रत्येक वस्तूजवळ करणारीच्या नावासोबत तिला लागलेले तासही लिहावेत. किंमत लिहा वा न लिहा, तास मात्र अवश्य लिहा. दुसरी, रुखवतासाठी काम सांगावयाचे झाल्यास लोकर आपण पुरवावी आणि तासांचा मोबदला आधी ठरवावा. नात्याचा संकोच वाटत असेल तर शाखेने मध्यस्थी करावी. तिसरी, ज्यांना दिसते आहे आणि हात चालतो आहे अशा वृद्ध भगिनींकडून मुलींना, आणि मुलांनाही, दर महिन्याला एक फूल शिकवावे; खरे फूल समोर ठेवून, त्याच्या पाकळ्या मोजून. आयर्लंडप्रमाणे एकीने पाकळ्या, दुसरीने पाने आणि तिसरीने जोडणी अशी वाटणी केली, तर नवशिकीलाही पहिल्या दिवसापासून उपयोगी काम मिळेल.

टाके मोजल्याशिवाय फूल होत नाही, हे विणणारीला कोणी शिकवावे लागत नाही. तिचे तास मोजणे हे मात्र आपल्या सर्वांचे काम आहे. या सूचनांचा विचार येत्या कार्यकारिणीच्या सभेत व्हावा, अशी विनंती करते.