तुम्ही लिहिलेलं राहतं कुठे?

लोकलमध्ये असाल, जिममध्ये असाल किंवा लेक्चरला मागच्या बाकावर एकच इअरबड लावून बसला असाल, तरी ऐका. आज भाग छोटाच आहे.

सुरुवात एका अक्षराने करू. 'स्त्री'. आपल्याला हे एक अक्षर दिसतं. कॉम्प्युटरला सहा खुणा दिसतात: स, मग पाय मोडायची खूण, त, पुन्हा पाय मोडायची खूण, र आणि दीर्घ वेलांटी. आता साधा एसएमएस आठवा. इंग्रजीत तो 160 अक्षरांचा असतो. त्यात एक जरी देवनागरी खूण आली की मर्यादा थेट 70 वर येते, कारण मग अख्खा मेसेज युनिकोडमध्ये जातो आणि तिथे प्रत्येक खुणेला जास्त जागा लागते. म्हणजे मराठीत दोन ओळी धड लिहिल्या की दोन मेसेजचे पैसे. मग आपल्या दादा-ताईंनी काय केलं? 'काय करतोयस' रोमन लिपीत लिहायला लागले. आज मेसेज फुकट आहे, मराठी कीबोर्ड फुकट आहे, नुसतं बोललं तरी टाइप होतं. तरी आपण रोमनमध्येच लिहितो. खर्च गेला, सवय राहिली.

फोनच्या आहारी जाणं म्हटलं की सगळे स्क्रीन टाइमवर बोलतात. रात्री फोन लांब ठेव, हे आईने सांगून झालंय आणि ती बरोबरच आहे. त्यावर मी वेगळं काय बोलणार! टपरीवर नेटवर्क गेलं की दहा रुपयांच्या चहासाठी आपण कसे इकडेतिकडे बघतो, तेही सगळ्यांना माहितीये. पण ते निदान कळतं तरी. मला भीती वाटते ती न कळणाऱ्या अवलंबित्वाची.

उदाहरण देतो. माझ्या काकांनी एक पेन ड्राइव्ह आणून दिला. आत गावच्या वाचनालयाची स्मरणिका, वीसेक वर्षांपूर्वी डीटीपीवाल्याकडे टाइप केलेली. फाइल उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं, मराठी शब्द एकही नाही. फाइल खराब नव्हती. युनिकोड रुळायच्या आधी मराठी फॉन्ट असेच चालायचे: आत इंग्रजी अक्षराचा कोड, वर दिसायला देवनागरी. तो फॉन्ट असेपर्यंत मराठी, फॉन्ट गेला की कचरा. कन्व्हर्टर लावून बरंचसं वाचता आलं, पण रफार भलतीकडे, ऱ्हस्व वेलांट्या पुढच्या अक्षरावर. दोन रविवार गेले. काका म्हणाले, "अरे, छापील प्रत आहे की कपाटात." ती मात्र पहिल्या पानापासून व्यवस्थित वाचता येत होती.

हे सगळं सांगायचं कारण, मध्यंतरी सांगलीकडच्या एका मुलीचा व्हॉइस मेसेज आला. पुण्यात सेकंड इयरला आहे. तिची आजी जात्यावरच्या ओव्या म्हणते आणि ही त्या अर्थासकट इन्स्टाग्रामवर टाकते. साठेक पोस्ट झाल्यात. तिचा प्रश्न: "दादा, ब्लॉग काढू का, की ते आता आउटडेटेड झालं?"

माझं उत्तर, काढ. इन्स्टाग्राम वाईट आहे म्हणून अजिबात नाही. तिचे वाचणारे तिथेच आहेत, तेही चालू ठेवावं. पण कॅप्शनला 2,200 खुणांची मर्यादा आहे आणि वेलांट्या, उकार सगळं त्यात मोजलं जातं. ओवी मावते. पण ती कुठल्या गावची, दळताना म्हटली की लग्नाच्या हळदीला, 'बंधू' कोण, 'सोयरा' कोण, शेजारच्या आजी तीच ओवी वेगळी कशी म्हणतात, हे मावत नाही. खरा माल तर तोच आहे! हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आज त्या 'पारी'च्या वेबसाइटवर सापडतात, त्याही गायिकेच्या आणि गावाच्या नावासकट. नुसत्या ओळी असत्या तर कोण कुठली, काही कळलं नसतं.

शिवाय कंपन्या दुकान बंद करतात. जिओसिटीज 2009 मध्ये गेलं. गूगल रीडर 1 जुलै 2013 ला, ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 ला. रीडर गेलं तेव्हा पुष्कळांची ब्लॉग वाचायची सवयच मोडली. पण रीडर ज्या आरएसएसवर चालायचं ते आरएसएस कुठे गेलं नाही, कारण ते कुणा एकाच्या मालकीचं नाही. पॉडकास्ट ॲपमध्ये तुम्ही आत्ता मला ऐकताय ना, तेही त्याच्याच जोरावर. ब्लॉगच्या फीडमध्ये लेख येतात, इथे ऑडिओ फाइलचा पत्ता येतो, एवढाच फरक. (यूट्यूबवर ऐकणाऱ्यांनो, तुमचं वेगळं आहे, रागावू नका.)

अर्थात फुकटचा ब्लॉगही कुणाच्या तरी सर्व्हरवरच असतो. तो देव नाही. म्हणून मी तिला कुठला ब्लॉग हे सांगण्याआधी एकच बघायला सांगितलं: बाहेर पडायचं दार आहे का? ब्लॉगर आणि वर्डप्रेस दोन्हीकडे अख्खा ब्लॉग फाइलमध्ये उतरवून घेता येतो. इन्स्टाग्रामवरूनही स्वतःचा डेटा मागवता येतो. तिथे एचटीएमएल आणि जेसॉन असे दोन पर्याय येतात. एचटीएमएल घ्या, ते ब्राउझरमध्ये उघडून वाचता येतं. जेसॉन आम्हा प्रोग्रामरांच्या कामाचं. आजीच्या आवाजाच्या फाइल वेगळ्या ठेवा, नावात तारीख आणि गाव टाका, कारण 'न्यू रेकॉर्डिंग 37' म्हणजे काय हे दोन वर्षांनी तुम्हालाही आठवणार नाही. आणि उतरवलेली फाइल नुसती साठवू नका. फोनचं नेट बंद करा, ती उघडा आणि 'स्त्री' नीट दिसतंय का बघा.

चला, स्टेशन आलं असेल तुमचं. भेटू पुढच्या भागात.