एकदाच उघडायचं, पण उघडायलाच हवं

मेकअप करून आत ताटकळलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

लांबण लावत नाही, नाच बघायला मीही आलोय.

मघाशी या शाळेच्या रंगमंचाचा पडदा अर्ध्यावर अडकला आणि शिपाईमामांनी धावत जाऊन दोरी ओढली. अवकाशातही काही गोष्टी अशाच उघडाव्या लागतात, पण तिथं शिपाईमामा नसतात.

22 जून 2016 ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही रॉकेटनं एका फेरीत 20 उपग्रह नेले. त्यात पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा 'स्वयं' होता. वजन जेमतेम एक किलो, दहा सेंटिमीटरची पेटी. एवढ्या पेटीच्या एका बाजूवर तेरा-चौदा वॅटचं ऊन पडतं आणि उत्तम सोलर सेल लावले तरी त्यातली चारेक वॅट हाती लागते. जास्त वीज हवी तर पॅनल दुमडून न्यायचे, वर गेल्यावर उघडायचे.

दुमडलेलं पॅनल बांधतात कशानं? पुष्कळदा साध्या नायलॉनच्या दोऱ्यानं! दोऱ्याला नायक्रोमची बारीक तार टेकवलेली असते. उपग्रह सुटा झाला की किमान अर्धा तास थांबायचं, असा या पेटी-उपग्रहांचा नियमच आहे. मग तारेत करंट सोडायचा. तार तापते, दोरा वितळून तुटतो, बिजागरीतली स्प्रिंग पॅनल ढकलते.

टेबलावर हे मस्त चालतं. वर मात्र हवा नाही, त्यामुळे तारेची उष्णता कोणी ओढून नेत नाही. तेवढ्याच करंटला ती जास्त तापते, कधी दोऱ्याआधी स्वतःच तुटते. बिजागरीतलं साधं ग्रीस उडून जातं. म्हणून तारा दोन, सर्किटं दोन, आणि पॅनल खरंच उघडलं का हे कळवायला एक इवलंसं बटण. वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत पाळीवर जाणारे पालक इथं बसलेत. स्प्रिंगचा ताण किंचित चुकला तर काय होतं, ते त्यांनाच विचारा.

मोठ्यांचंही अडतं. आपला इन्सॅट-1बी उपग्रह 30 ऑगस्ट 1983 ला चॅलेंजर यानातून गेला, आणि त्याचं सोलर पॅनल सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पूर्ण उघडेना. अखेर उघडलं. पुढे दूरदर्शन गावोगाव पोचलं ते बरंचसं त्याच्या जोरावर. तुमच्या आजोबांनी बघितलेल्या मालिका त्या बिजागरीच्या कृपेनं, असं म्हणायला माझी हरकत नाही.

या कामात हुशारीपेक्षा चिकाटीला जास्त भाव आहे, हे माझं स्पष्ट मत. पुढच्या विज्ञान प्रदर्शनाला पुठ्ठ्याचं पॅनल, नायलॉनचा दोरा आणि नायक्रोमची तार घ्या. बाई किंवा सर शेजारी असतानाच तार तापवा. पन्नास वेळा उघडून बघा, आणि जितक्या वेळा अडकलं तो आकडा तक्त्यावर सगळ्यात ठळक लिहा. परीक्षक म्हणून बोलावलंत तर मी आधी तोच आकडा वाचीन.

चला, पडदा उघडू द्या.