भद्रावती आणि चंद्रपूर : एका दिवसाची सहल
(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त झालेल्या कार्यक्रमातील भाषण)



अजिंठा पाहिलेली आपल्या वस्तीत बरीच माणसे आहेत. काही जण बुद्धगयेलाही जाऊन आले. पण वणीहून सकाळी निघून संध्याकाळी घरी परत येता येते एवढ्या अंतरावर धम्माचा केवढा ठेवा आहे, हे आपल्या मुलांना ठाऊक नाही. म्हणून आम्ही विहारातली काही मंडळी, बायाबापड्या आणि लेकरांसह, भद्रावती आणि चंद्रपूर पाहायला गेलो. त्याची हकिगत सांगायची आहे.

पाटाळ्याच्या पुलावरून वर्धा नदी ओलांडली की आपला जिल्हा संपतो. वरोरा मागे टाकून आम्ही भद्रावतीला, म्हणजे जुन्या भांदकला पोचलो. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा इ. स. 772 चा ताम्रपट येथे सापडला. सातव्या शतकात चिनी भिक्षू ह्युएन त्संग कोसल देशात येऊन गेला. त्याने वर्णिलेली राजधानी भांदकच असावी, असे कनिंगहॅम साहेबांचे मत होते. सगळे अभ्यासक ते मानत नाहीत. पण गाव फार जुने, याबद्दल वाद नाही.

गावाबाहेर विजासन टेकडीत लेणी आहेत. त्यांची रचना वेगळीच आहे. एक लांब बोळ सरळ डोंगरात शिरतो, तो सुमारे 71 फूट. त्याच्या टोकाच्या गाभाऱ्यात भगवान बुद्धांची भव्य बैठी मूर्ती. दारापाशीच डावी-उजवीकडे काटकोनात आणखी दोन बोळ, आणि प्रत्येकात गाभारा व बुद्धमूर्ती. आत गारवा आणि अंधार. बॅटरीच्या उजेडात मूर्ती दिसली तशी सोबतची एक म्हातारी आजी म्हणाली, “कसं कोरलं असन बाप्पा त्याईनं, येवढ्या अंधारात!” आम्ही तिथे त्रिशरण-पंचशील घेतले आणि थोडा वेळ नुसते बसून राहिलो.

बसल्या बसल्या एक विचार आला. शेकडो वर्षे ही मूर्ती इथेच होती. ती कुठे गेली नव्हती. पण हा कोण, याने काय शिकवले, हे सांगणारे भिक्षू इथून गेले आणि मूर्ती मुकी झाली. दगड टिकला, सांगणारे टिकले नाहीत.

नंतर डोलारा तलावावर गेलो. तलावातल्या बेटावर जायला खांबांच्या दोन रांगांवर दगडी तुळया टाकून केलेला जुना पूल आहे. लांबी 136 फूट, रुंदी 7 फूट. तिथेच शिदोऱ्या सोडल्या. पार्श्वनाथांचे जैन मंदिर आणि भद्रनागाचे देऊळही पाहिले. नागाची मूर्ती पाहून पोरांनी प्रश्न केला, “हे पण आपलंच होतं का?” धम्माचा प्रसार नाग लोकांनी केला, हे बाबासाहेबांनी 15 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरच्या भाषणात सांगितले होते. परंतु म्हणून प्रत्येक जुने देऊळ म्हणजे विहारच, असे ठासून सांगण्याची घाई आपण करू नये. पुरावा जेवढा, बोलणे तेवढेच. बुद्धिवादी धम्माच्या लेकरांना हेच शोभते.

दुपारी चंद्रपूर. गोंड राजांचा परकोट, जटपुरा दरवाजा, राणी हिराईने बांधलेली बीरशहाची समाधी, महाकालीचे मंदिर. लालपेठेत उघड्यावर प्रचंड एकसंध दगडी मूर्ती आहेत. त्यातल्या दहा तोंडांच्या दुर्गेला लोक रावणच समजतात. बघा, नाव सांगणारा नसला की देवीचाही रावण होतो!

शेवटी दीक्षाभूमीवर गेलो. नागपूरच्या 14 ऑक्टोबरनंतर, 16 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी याच मैदानावर हजारोंच्या समुदायाला दीक्षा दिली. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांनी त्यासाठी फार कष्ट घेतले. त्यानंतर 51 दिवसांनी बाबासाहेब गेले.

बंधू-भगिनींनो, त्या दिवसाचे लेणे कोणी कोरलेले नाही. ते फक्त माणसांच्या आठवणीत आहे. त्या वेळचे दहा वर्षांचे पोर आज ऐंशीच्या घरात आहे. कोण पायी गेले, कोण बैलगाडीने गेले, अंगावर काय होते, सोबत भाकर कोणती होती, घरचे देव कोणी आणि कधी नदीत सोडले, हे सांगणारे घराघरांतून उठून चालले आहेत. विजासनात जे झाले तेच आपल्या दारात होऊ द्यायचे काय?

म्हणून आमची विनंती एवढीच. दरवर्षी एक सहल विहाराने काढावी. लेण्यात कोणी नाव कोरू नये, तेल-रंग लावू नये. आणि ज्यांच्या घरी असे आजी-आजोबा आहेत, त्यांनी येत्या रविवारी शाळकरी नातवंडाला वही-पेन घेऊन त्यांच्यापुढे बसवावे. त्या वह्या विहाराच्या कपाटात जपून ठेवू. आजीचे शब्द जसे आहेत तसेच लिहावेत, शुद्ध करायच्या नादी लागू नये.

 नमो बुद्धाय! जयभीम!