ध्रुवाकडचं आकाश आणि थरथरणारी चुंबकसुई



बचतगटाचा हिशोब आज बाजूला ठेवू. "आज रात्री साडेबारा ते साडेतीन मोबाईल बंद ठेवा, आकाशातून घातक किरण येणार आहेत," असा मेसेज ग्रुपवर अधूनमधून फिरतो. खाली नासाचं नावही असतं. मग बायका घाबरतात, लेकरांच्या उशाजवळचे मोबाईल उचलतात. म्हणून वर आकाशात खरंच काय घडतं, ते आज समजून घेऊ.

पृथ्वी हे एक मोठं लोहचुंबक आहे, म्हणून होकायंत्राची सुई उत्तर दाखवते. पण नाजूक यंत्र लावलं, तर पृथ्वीचं हे चुंबकत्व लयीत किंचित कमीजास्त होताना दिसतं. एखादा हेलकावा सेकंदाच्या आत संपतो, एखाद्याला पाच-दहा मिनिटं लागतात. यांनाच भूचुंबकीय स्पंदनं म्हणतात. १८५९ सालच्या मोठ्या सौरवादळात इंग्लंडच्या क्यू वेधशाळेतल्या नोंदींत ती दिसली आणि बाल्फोर स्टुअर्ट यांनी १८६१ साली ती जगापुढे मांडली.

हे हेलकावे येतात कुठून? सूर्याकडून विद्युतभारित कणांचा वारा सतत वाहत असतो आणि तो पृथ्वीच्या चुंबकीय रेषांना धक्के देतो. अंगणात कपडे वाळत घालायची दोरी आठवा. दोन्ही टोकं खांबाला बांधलेली, वारा आला की दोरी थरथरते. चुंबकीय रेषांचंही तसंच होतं. ध्रुवांकडच्या रेषा अवकाशात हजारो किलोमीटर दूर जाऊन परत येतात. दोरी जितकी लांब, तितका हेलकावा संथ. म्हणून नॉर्वे, कॅनडा अशा भागांत मिनिटामिनिटांची मोठी स्पंदनं जास्त दिसतात.

आता या दोरीचे खांब कोणते? तर आयनांबर. जमिनीपासून शंभर किलोमीटरच्या आसपास आणि त्याहून वर हवेचा हा थर आहे. त्यातून वीज वाहू शकते. वरून आलेली लाट या थरावर आपटून परत फिरते. थरातून वीज चांगली वाहत असेल, तर हेलकावा बराच वेळ टिकतो. ध्रुवाकडच्या लांबलचक अंधाऱ्या हिवाळ्यात थर दुबळा झाला, की तो लवकर विरतो.

उलट बाजूनंही परिणाम होतो. स्पंदनाच्या लयीत वरून इलेक्ट्रॉन कधी जास्त, कधी कमी कोसळतात. मग थराची वीज वाहून नेण्याची ताकदही त्याच लयीत वाढते आणि घटते. तिथल्या रात्री दिसणारा हिरवा ध्रुवीय प्रकाशसुद्धा कधीकधी तसाच उजळतो आणि मावळतो. नॉर्वेत ट्रोम्सोजवळ मोठ्या रडारनं हे बदल मोजतात.

आणखी एक गंमत आहे. जमिनीवरच्या यंत्राला अवकाशातली लाट जशीच्या तशी दिसत नाही. आयनांबर ती अडवतं. यंत्राला कळतो तो मुख्यतः त्या थरात वाहणाऱ्या विद्युतप्रवाहाचा परिणाम. म्हणून चुंबकाची नोंद वाचताना वरचा थर कसा आहे, हे आधी पाहावं लागतं.

हे काम आपल्या माणसांचंही आहे. अलिबागला १९०४ पासून चुंबकीय नोंदी होतात. नोंद बिघडू नये म्हणून तिथल्या यंत्रांच्या इमारतीत लोखंड वापरलेलं नाही. पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था अंटार्क्टिकावरच्या मैत्री केंद्रातही अशी मोजणी करते.

मग भीती कशाची? ध्रुवाकडून जाणाऱ्या विमानांचा रेडिओसंपर्क अशा बदलांनी तुटू शकतो. मोठं चुंबकीय वादळ आलं, तर लांब वीजवाहिन्यांतही नको तो प्रवाह शिरतो. १३ मार्च १९८९ ला कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात सुमारे ६० लाख लोक नऊ तासांच्या आसपास अंधारात होते. तिथल्या लोकांना सावध राहावंच लागतं.

पण त्या रात्रीसुद्धा उशाशी ठेवलेल्या वस्तूनं कुणाला इजा झाली नव्हती. तुमच्या मोबाईलचा संदेश जवळच्या टॉवरकडे जातो, आयनांबरावर आपटून येत नाही. आपल्या या केंद्राचा आवाजही तसाच सरळ तुमच्या रेडिओपर्यंत येतो.

तेव्हा तो मेसेज आला, तर पुढे पाठवू नका. गटाच्या बैठकीत हा विषय काढा आणि सासूबाईंना, मुलींना सांगा. आकाश थरथरतं हे खरं आहे, पण त्यासाठी आपली झोप उडवायचं कारण नाही.