आत्म्याविना माणूस : नागपूरच्या धम्मदीक्षेतील मानवविचार

माणूस म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर भारतीय धर्मपरंपरेत बहुधा देहाच्या पलीकडे शोधले गेले. उपनिषदांनी देह, इंद्रिये आणि मन यांच्या मुळाशी एक अविकारी व अविनाशी तत्त्व मानले, त्याला आत्मा हे नाव दिले, आणि अद्वैत वेदान्ताने तो आत्मा व विश्वाचे अधिष्ठान असलेले ब्रह्म ही एकच होत, असे प्रतिपादन केले. या सिद्धान्तातून माणसामाणसांची समता आपोआप निष्पन्न व्हावयास हवी होती, कारण एकच तत्त्व सर्वांच्या ठायी असेल, तर उच्च कोण आणि नीच कोण, हा प्रश्नच उरत नाही. प्रत्यक्षात ही समता पाणवठ्यापर्यंत आणि देवळाच्या उंबरठ्यापर्यंत पोचली नाही. आत्मा नित्यशुद्ध मानला गेला, देह मात्र जन्मानेच विटाळाचा ठरला, आणि या दोन समजुती एकाच घरात शतकानुशतके सुखाने नांदल्या. संत चोखामेळ्यांची समाधी पंढरपूरच्या मंदिराच्या महाद्वारासमोर आहे, आणि ज्या समाजात ते जन्मले, त्या समाजाला त्या मंदिराच्या आत जाण्यासाठी १९४७ साल उजाडावे लागले व त्याकरिता साने गुरुजींना उपोषण करावे लागले, ही वस्तुस्थिती या विसंगतीचा पुरेसा पुरावा आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विचारात माणूसपणाचा प्रश्न उभा राहिला, तो या विसंगतीतून. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर जो सत्याग्रह झाला, त्याचा हेतू तहान भागविणे एवढाच नव्हता. इतरांसारखीच आपणही माणसे आहोत हे सिद्ध करणे, हा त्याचा खरा अर्थ त्यांनी त्याच वर्षी स्पष्ट केला होता. १९४२ च्या जुलैमध्ये नागपुरात भरलेल्या परिषदेतही त्यांनी हा लढा संपत्तीसाठी किंवा सत्तेसाठी नसून दडपल्या गेलेल्या मानवी व्यक्तित्वाच्या पुनःप्राप्तीसाठी आहे, असेच सांगितले. नागपुरात या प्रश्नाची चर्चा त्याआधीपासून चालू होती. किसन फागोजी बनसोड यांच्यासारखे निष्ठावान कार्यकर्ते संतपरंपरेवर श्रद्धा ठेवून हिंदू समाजातच सुधारणा व्हावी या मताचे होते, आणि बाबासाहेबांच्या धर्मांतराच्या विचाराला त्यांचा विरोध होता. तो विरोध प्रामाणिक होता, कारण ज्या भक्तीने मनाला आधार दिला, ती सोडणे सोपे नसते. परंतु भक्तीने दिलेला आधार आणि समाजाने द्यावयाची माणुसकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बाबासाहेबांचे निदान अधिक खोल होते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, आज दीक्षाभूमी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मैदानावर महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून बाबासाहेबांनी व त्यांच्या पत्नीने त्रिशरण आणि पंचशील ग्रहण केले, आणि त्यानंतर स्वतः बाबासाहेबांनी, म्हणजे भिक्षू नसलेल्या एका गृहस्थाने, लाखोंच्या समुदायाला धम्मदीक्षा दिली. या घटनेचे सामाजिक व राजकीय विवेचन पुष्कळ झाले आहे. तिच्या मुळाशी असलेल्या तत्त्वज्ञानाकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले. समतेचा शोध घेणाऱ्या या समुदायाने जो धम्म स्वीकारला, तो आत्म्याचे अस्तित्वच नाकारणारा आहे, ही गोष्ट थांबून विचार करण्याजोगी आहे.

बौद्ध विचारात या सिद्धान्ताला अनात्मवाद म्हणतात. माणूस हा पाच स्कंधांचा, म्हणजे पाच समूहांचा संघात आहे : रूप म्हणजे भौतिक देह, वेदना म्हणजे सुखदुःखाचा अनुभव, संज्ञा म्हणजे ओळखण्याची शक्ती, संस्कार म्हणजे मनाच्या घडणी व प्रवृत्ती, आणि विज्ञान म्हणजे जाणीव. ‘मिलिंदप्रश्न’ या प्राचीन पाली ग्रंथात भिक्षू नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला रथाचा दाखला देतो. चाके, आस आणि दांडी यांच्याहून निराळा असा रथ जसा कोठे सापडत नाही, तसा या स्कंधांहून निराळा माणूस सापडत नाही. अठराव्या शतकात स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमनेही मनात डोकावल्यावर संवेदनांच्या प्रवाहापलीकडे कोणताही स्थिर ‘स्व’ हाती लागत नाही, असा निष्कर्ष काढला होता.

येथे एक गंभीर शंका उपस्थित होते. आत्माच नसेल, तर माणसाची प्रतिष्ठा कशावर उभी राहणार? बाबासाहेबांच्या निर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथातून या शंकेचे जे उत्तर मिळते, ते असे की माणसाची प्रतिष्ठा त्याच्या आत दडलेल्या एखाद्या अदृश्य वस्तूत नसून त्याच्या मनाच्या घडणीत आणि इतरांशी असलेल्या त्याच्या नात्यात आहे. या ग्रंथाच्या चौथ्या खंडात धर्म आणि धम्म यांतील भेद मांडताना त्यांनी म्हटले आहे की एकट्या माणसाला धम्माची गरज नसते, पण दोन माणसे कोणत्याही नात्याने एकत्र आली की त्यांना धम्माला स्थान द्यावेच लागते. धम्म म्हणजे येथे माणसाने माणसाशी वागण्याची नीती होय. कोलंबिया विद्यापीठातील त्यांचे गुरू जॉन ड्यूई यांनी लोकशाहीला सहजीवनाची एक रीत मानले होते, आणि त्या विचाराचे बुद्धाने सांगितलेल्या मैत्रीशी असलेले नाते येथे स्पष्ट दिसते. आत्म्याच्या नावाने दिलेली समता परलोकात ठेवता येते; नात्यात मागितलेली समता आज, याच गावात आणि याच पाणवठ्यावर द्यावी लागते. आत्मा वगळल्याने माणूस उणा झाला नाही, उलट त्याला टाळण्याची शेवटची पळवाट बंद झाली.

कर्म आणि पुनर्जन्म यांचा प्रश्न याहून अवघड आहे. गतजन्मीच्या कर्माने या जन्मीची स्थिती ठरते, असे मानले की गरिबाचे दारिद्र्य आणि अस्पृश्याची अवहेलना हा त्यांचाच दोष ठरतो व समाज जबाबदारीतून मोकळा होतो. म्हणून बाबासाहेबांनी ती कल्पना नाकारली आणि कर्मनियम हा समाजाच्या नैतिक व्यवस्थेचा नियम मानला. पुनर्जन्म त्यांनी देहातील मूलद्रव्यांपुरता स्वीकारला, व्यक्तीच्या आत्म्यापुरता नाही. परंपरागत बौद्ध मताशी हे विवेचन सर्वत्र जुळत नाही, आणि सुखात जगून सुखात मरणाऱ्या अन्यायी माणसाला त्याच्या कृत्याचे फळ कोठे मिळते, ही शंकाही त्यातून पूर्णतः मिटत नाही. न्यायाचा सगळा भार मग जिवंत माणसांवर येऊन पडतो, आणि तो तसाच पडावा, हाच या मांडणीचा आशय दिसतो.

धम्मदीक्षेच्या दिवशी घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांची रचना या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. नवव्या प्रतिज्ञेत सर्व माणसे समान आहेत हे मानणे आहे, आणि लगेच दहाव्या प्रतिज्ञेत ती समता स्थापन करण्याचा प्रयत्न करण्याचे वचन आहे. एकविसावी प्रतिज्ञा नव्या जन्माची आहे : ज्यांना जन्मानेच हीन ठरविले गेले होते, त्यांनी जन्म ही गोष्ट मृत्यूच्या पलीकडून उचलून भर सकाळी, जागेपणी, स्वतःच्या निश्चयाने घडणारी केली. पुढच्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी माणूस आणि जनावर यांतील भेद मनात आहे, केवळ भाकरीने माणसाचे भागत नाही आणि मानापुढे लाभ गौण आहे, असे सांगितले. हे केवळ शब्द नव्हते. बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींच्या लोकांना केंद्र सरकारच्या सवलती १९९० साली कायदादुरुस्ती होईपर्यंत मिळाल्या नाहीत, आणि तरीही १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २८ लाख लोकांनी स्वतःला बौद्ध म्हणून नोंदविले.

दरवर्षी दीक्षाभूमीवर येणारे लक्षावधी लोक परतताना मोठ्या संख्येने पुस्तके विकत घेऊन जातात. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी आत्मा, कर्म आणि पुनर्जन्म यांविषयीचे प्रश्न स्वतःच उपस्थित केले असून त्यांच्या उकलीत वाचकांनी आपली भर घालावी, अशी अपेक्षा व्यक्त केली आहे. श्रोत्यांनी, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, ती प्रस्तावना आणि त्या ग्रंथाचा चौथा खंड अवश्य वाचावा, आणि जेथे पटणार नाही, तेथे वादही घालावा.