गवत, गोचीड आणि मांसाचे वावडे



आहाराविषयीचा एक समज अलीकडे परदेशातून आपल्या शहरांपर्यंत पोचला आहे. कुणाला गोमांस किंवा म्हशीचे मांस सोसत नसेल, अंगावर पित्त उठत असेल, पोटात मुरडा येत असेल, तर त्याचे खापर जनावराला चारलेल्या मका-सोयाबीनवर फोडायचे आणि निव्वळ गवतावर वाढलेल्या जनावराचे मांस निर्धोक मानायचे, असा हा समज. अशा मांसाला तिकडे जादा दर मिळतो. माझे म्हणणे असे की, जनावराने काय खाल्ले यापेक्षा खाणाऱ्या माणसाला आधी काय चावले, हे विचारायला हवे. आणि हा प्रश्न विचारायला जोयडा तालुक्यातल्या दिग्गीसारखे दुसरे ठिकाण नाही. काळी नदीच्या उगमाकडचा, गोव्याच्या हद्दीला लागून असलेला हा मुलूख. कुणब्यांची गुरे इथे रानात चरतात, गवळी धनगरांच्या म्हशी रानातच दिवस काढतात. शहरात ज्याची जाहिरात करून विक्री होते, ते गवतावरचे जनावर इथे दारोदार आहे.

मांसाच्या ॲलर्जीचा जुना, ओळखीचा प्रकार आधी पाहू. गाईच्या रक्तात आणि मांसात सीरम अल्ब्युमिन नावाचे प्रथिन असते, तेच दुधातही थोडे उतरते. त्यामुळे गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलांपैकी काहींना गोमांसही बाधते. हे प्रथिन उष्णतेने बिघडते, म्हणून नीट शिजवलेले मांस यांतल्या कित्येकांना चालते, अर्धेकच्चे चालत नाही. आता हे प्रथिन जनावराचे शरीर स्वतः घडवते. गवत खाऊन वेगळे आणि पेंड खाऊन वेगळे, असे ते घडत नाही. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात चाऱ्यातली प्रथिने जंतूंकडून मोडली जातात. सोयाबीनचे प्रथिन जसेच्या तसे मांसात जाऊन बसते, ही कल्पना तिथेच ढासळते.

दुसरा प्रकार मात्र विलक्षण आहे आणि तो कळून पुरती वीस वर्षेही झालेली नाहीत. सेटुक्सिमॅब हे कर्करोगावरचे औषध अमेरिकेत वापरात आले, तेव्हा टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत सुमारे 22 टक्के रुग्णांना पहिल्याच मात्रेला तीव्र ॲलर्जी झाली. ईशान्येकडच्या राज्यांत हे प्रमाण नगण्य होते. औषध तेच, मग मुलूख बदलताच परिणाम का बदलावा? व्हर्जिनिया विद्यापीठातले थॉमस प्लॅट्स-मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 साली याचे उत्तर दिले. त्या रुग्णांच्या रक्तात अल्फा-गॅल नावाच्या एका साखरेविरुद्धची प्रतिद्रव्ये औषध घेण्याआधीपासूनच होती, आणि ती साखर औषधाच्या रेणूवर होती. पुढच्याच वर्षी त्यांनी मांस खाल्ल्यावर काही तासांनी ॲलर्जी होणाऱ्या 24 रुग्णांचे वर्णन केले, प्रतिद्रव्ये तीच. तिकडे सिडनीत शेरिल व्हॅन नुनेन यांनी मांसाचे वावडे आणि गोचिडाचा चावा यांची सांगड स्वतंत्रपणे घातली होती. ही साखर गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर, घोडा अशा बहुतेक सर्व सस्तन प्राण्यांत असते. माणूस, वानर आणि आपल्याकडची माकडे यांच्या पूर्वजांनी ती काही कोटी वर्षांपूर्वी गमावली. म्हणून आपल्या शरीराला ती परकी वाटते. एरवी पोटातून गेली तर आपण ती पचवतो. पण काही जातींच्या गोचिडांच्या लाळेतून ती त्वचेखाली टोचली गेली की काही माणसांचे शरीर तिच्यावर ॲलर्जीची प्रतिद्रव्ये तयार करते. मग वर्षानुवर्षे निर्वेध खाल्लेले मांस एके दिवशी अंगावर येते.

त्याची चाल फसवी असते. शेंगदाण्याची किंवा कोळंबीची ॲलर्जी ताटावरून उठण्याआधीच कळते. इथे मात्र जेवणानंतर दोन ते सहा तास काहीच घडत नाही. संध्याकाळी मटण खाल्लेला माणूस मध्यरात्री तळहात-तळपाय खाजवत उठतो, अंगभर गांधी उठतात, पोट पिळवटते, क्वचित रक्तदाब कोसळून जिवावर बेतते. घरची माणसे आमसुलाचे पाणी लावतात, सकाळपर्यंत गांधी बसतात आणि 'पित्त झाले' म्हणून विषय मिटतो. अल्फा-गॅलचा बराचसा भाग चरबीसोबत सावकाश रक्तात येतो, हे या उशिराचे कारण मानले जाते. गवतावरच्या मांसाची कीर्तीही इथूनच आली असावी. त्यात चरबी कमी असते, म्हणून एखाद्याला त्रास कमी झाला किंवा एखाद्या वेळी झालाच नाही, हे शक्य आहे. पण साखर तिथेही आहेच. ज्याला खरी ॲलर्जी आहे, त्याने गवताच्या भरवशावर ताट वाढून घेणे मला घातक वाटते.

आता दिग्गीकडे वळू. गोचिडाचा धोका या पट्ट्याला नवा नाही. 1957 साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि माणसेही तापाने आजारी पडली, तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने, त्या तापाचा विषाणू शोधला. तो पसरवणारी मुख्य गोचीड हीमाफायसॅलिस स्पिनिजेरा. हाच माकडताप पुढे उत्तर कन्नडच्या इतर तालुक्यांत, गोव्याच्या सत्तरीत आणि 2016 मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात पोचला. दोडामार्ग-सत्तरीत काजूच्या बागेत राबणारी माणसे त्यात सापडली. या गोचिडीची पूर्ण वाढलेली अवस्था गुराढोरांवर जगते, आणि माणसाला चावते ती मोहरीएवढीही नसलेली तिची पिले. डिसेंबरपासून मेपर्यंत ती पाचोळ्यात असतात, आणि नेमका त्याच दिवसांत गोठ्यात पसरायला रानातला पातेरा गोळा होतो. जपानमध्ये याच कुळातल्या हीमाफायसॅलिस लाँगिकॉर्निस या गोचिडीच्या लाळग्रंथींत अल्फा-गॅल सापडले आहे आणि तिथल्या मांसाच्या ॲलर्जीशी तिचा संबंध जोडला गेला आहे. स्पिनिजेरावर तोच ठपका सिद्ध झाला, असे मी म्हणत नाही. पण कूळ एक, चावे रोजचे आणि गुरे दारात, एवढे असताना इथल्या माणसांचे रक्त तपासायला आणखी कोणते कारण हवे?

यावर पहिला आक्षेप येतो की, इथे बहुसंख्य लोक गोमांस खातच नाहीत आणि कर्नाटकात गोहत्याबंदीचा कडक कायदा 2021 पासून लागू आहे. मग ही चर्चा कोणासाठी? ती बोकडाचे मटण आणि डुकराचे मांस खाणाऱ्यांसाठी आहे, कारण अल्फा-गॅल त्यांतही आहे. काही रुग्णांना तर दूध आणि औषधी कॅप्सूलचे जिलेटिनही बाधते. रानातल्या गावासाठी याहून गंभीर बाब म्हणजे सर्पदंशावरचे प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून बनते आणि त्यातही ही साखर आढळली आहे. याचा अर्थ प्रतिविष नाकारायचे असा कोणीही घेऊ नये. साप चावल्यावर तेच प्राण वाचवते. डॉक्टरांना आधी कल्पना असेल तर ॲड्रेनलिन हाताशी ठेवून ते देता येते, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पिढ्यान्पिढ्या गोचिडी चावत आल्या, मग असा आजार कोणी कसा ऐकला नाही? व्हर्जिनियातही गोचिडी पिढ्यान्पिढ्या चावत होत्या, पण 2009 पर्यंत कोणी दुवा जोडला नव्हता, कारण जेवण आणि त्रास यांच्यामध्ये झोप येते. 2023 साली अमेरिकी रोगनियंत्रण केंद्राने सांगितले की, 2010 ते 2022 या काळात तिथे 1 लाख 10 हजार संशयित रुग्ण आढळले, आणि पाहणीतल्या 42 टक्के वैद्यकीय व्यावसायिकांना या आजाराचे नावही ठाऊक नव्हते. जिथे मटण सणावारी आणि पाहुण्यारावळ्याला शिजते, तिथे दोन वेळच्या त्रासांत महिने जातात आणि दुवा जुळणे आणखी अवघड होते. एक गोष्ट मात्र आक्षेपाच्या बाजूने मांडली पाहिजे. बी रक्तगटावरची खूण अल्फा-गॅलशी मिळतीजुळती असल्याने बी आणि एबी गटाच्या माणसांना ही ॲलर्जी कमी होताना दिसते, आणि आपल्याकडे बी गट पाश्चात्त्य देशांपेक्षा कितीतरी जास्त आहे. त्यामुळे इथे रुग्ण कमी असू शकतील. मात्र त्यामुळे ओ आणि ए गटाच्या माणसांचा धोका टळत नाही.

भीती पसरवण्याचाही धोका आहे, आणि तो मला मान्य आहे. गोचीड चावलेल्या प्रत्येकाला ॲलर्जी होत नाही. रक्तात प्रतिद्रव्ये आढळूनही अनेकजण मांस सुखाने खातात. नुसत्या रक्ततपासणीवरून कोणाचे अन्न तोडू नये. नवे चावे टळले तर काहींच्या रक्तातली प्रतिद्रव्ये काही वर्षांत उतरतातही. म्हणून रान सोडण्याची किंवा गुरे विकण्याची गरज नाही. पातेरा आणायला जाताना अंग झाकावे, घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करून काखा, जांघा, कानामागची जागा तपासावी. गोचीड सापडली तर ती जाळू नये, तिच्यावर तेल-रॉकेल ओतू नये. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. आणि मध्यरात्री अंगावर पित्त उठले, तर सकाळी आरोग्य केंद्रात दोन गोष्टी न विचारताही सांगा: आदल्या रात्री काय आणि किती वाजता जेवलात, आणि गेल्या काही महिन्यांत गोचीड कुठे चावली होती.